लुसी सिस्टरची रिकामी बाटली

बोरिवलीच्या माझ्या दवाखान्यात एक नियम होता. नाकात मारायच्या औषधाची बाटली संपली की फेकायची नाही, लुसी सिस्टरना आणून द्यायची. सिस्टर ती धुऊन, तिचं तोंड उकळत्या पाण्यातून काढून, खिडकीत वाळवत आणि तिच्यात साधं पाणी भरून ठेवत. मी चिठ्ठी लिहिली की मूल आणि त्याची आई बाहेर सिस्टरच्या स्टुलासमोर जाऊन बसत. सिस्टर आधी स्वतः करून दाखवत, मग पाण्याची बाटली मुलाच्या हातात ठेवत आणि म्हणत, "समजलं असं बोलू नको. करून दाखव."

'समजलं' या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आई घाईत म्हणायची, "हो हो, समजलं, घरी करून घेते मी." सिस्टर ढिम्म. मूल करून दाखवीपर्यंत आईची पर्स खांद्यावर चढू द्यायच्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी बाहेर उभं राहायला जागा नसायची, मी आतून बेल दाबत बसायचो, आणि सिस्टर एका सहा वर्षांच्या पोराला चौथ्यांदा बाटली धरायला शिकवत असायच्या. एकदा मी वैतागून बाहेर आलो. त्या मानही न वळवता म्हणाल्या, "तुमची पाच मिनटं वाचवायला ह्याचे सहा महिने घालवू काय, डॉक्टर?" मी मुकाट्याने आत गेलो. माझ्याच दवाखान्यात मी मुकाट्याने आत जायची ती पहिली वेळ नव्हती.

सिस्टर एक्सरच्या गावठाणातल्या, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरातल्या. मी दवाखाना उघडला त्या दिवसापासून माझ्याबरोबर. पांढरा गणवेश घाला असं मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी तो पहिल्या दिवशी घातला आणि निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. छातीशी उलटं घड्याळ, ताठ पाठ, केसांचा घट्ट अंबाडा. नव्या लोकांना त्या चर्चमधल्या नन वाटत. एका आजोबांनी तसं विचारलंही. "माझ्या नवऱ्याला जाऊन सांगा," सिस्टर म्हणाल्या, "त्याला लय बरं वाटंल." उन्हाळ्यात गावठाणात बाटली मसाला कुटायला सुरुवात झाली की त्यांच्या गणवेशाला मिरचीचा वास यायचा आणि आमच्या बाकावरची निम्मी मुलं शिंकायला लागायची. मग त्या स्वतःच दाराबाहेर जाऊन उभ्या राहत आणि तिथून नावं पुकारत.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना जो त्रास असायचा त्याला पुस्तकात परागज्वर म्हणतात. त्यात ताप नसतो, आणि हा शब्द मी कुणा पेशंटच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. लोक म्हणतात, "ह्याला सारखी सर्दी असते." पाऊस सरला, मोकळ्या प्लॉटवरचं गवत तुऱ्यावर आलं, की सुरू. सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ, डोळे लाल, नाक चोंदलेलं, तोंड उघडं टाकून झोपायचं आणि शाळेत पेंगायचं. त्यात आता जिथे बघावं तिथे जुन्या इमारती पाडून टॉवर बांधताहेत, त्यामुळे धूळ बारा महिने. सिस्टर अशी मुलं दारातूनच ओळखत. मूल तळहाताने नाक खालून वर पुसायचं, आणि ते वर्षभर करून नाकावर एक आडवी रेघ उमटलेली असायची. "बगा, आला सलाम ठोकत," त्या मला म्हणायच्या, आणि आईला विचारायच्या, "ताप हाय? नाय ना? मंग सर्दी काय म्हणता? ॲलर्जी बोला. त्याचं दही बंद करू नका, उगाच. केर काढायच्या आधी फडकं ओलं करा."

कोविडनंतर शिंकणं म्हणजे गुन्हाच झाला. लिफ्टमध्ये मूल शिंकलं की लोक भिंतीला चिकटायचे. जवळच्या एका शाळेत तिसरीतल्या एका मुलीला बाईंनी मागच्या बाकावर एकटीला बसवलं होतं, खिडकीशी, मोकळी हवा मिळावी म्हणून. खिडकीखाली मैदान, आणि मैदानावर कमरेएवढं गवत. सिस्टर दुपारच्या सुट्टीत गणवेशातच शाळेत गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही. मला नंतर फक्त एवढं कळलं की मुलगी भिंतीकडच्या बाकावर आली, तिच्या शेजारी मैत्रीण आली, आणि मैदानाचं गवत यापुढे शनिवारी, शाळा सुटल्यावर कापायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला फोन करून विचारलं, "त्या तुमच्याकडच्या मोठ्या डॉक्टर मॅडम आहेत का?" मी हो म्हणालो. आजही म्हणेन.

या फवाऱ्यात स्टिरॉइड असतं, आणि तो शब्द ऐकून आया घाबरायच्या. तिथे सिस्टरांचं शांत, खालच्या पट्टीतलं बोलणं कामाला यायचं. डोस किती थोडा असतो, तो नाकातच कसा राहतो, दोन दिवसांत फरक पडत नाही, दोन आठवडे तरी रोज मारावा लागतो, हे सगळं त्या मी सांगितलं त्यापेक्षा चांगलं सांगत. आणि मग शिकवणी. सिस्टरचे पपा तपकीर ओढायचे. अंगणात खुर्ची टाकून, मान मागे करून, चिमूट नाकाशी धरून ते असा काही झटका द्यायचे की कोंबड्या पळायच्या. सिस्टर हुबेहूब नक्कल करायच्या. पोरं खदखदून हसायची आणि तशीच्या तशी शिकायची. दार बंद असलं तरी मला आत ऐकू यायचं, "वर बग, वर! हां, सरळ धर. आता ओढ! सणकून ओढ!" आणि पाठोपाठ दहा वर्षांच्या नाकाचा तपकीर ओढल्यासारखा झटका. मला वाटायचं, वा, काय जीव ओतून शिकवते ही बाई.

माझी मुलगी इरा आठ वर्षांची असताना त्याच स्टुलासमोर बसून शिकली. दोन महिन्यांनी तिने औषध सोडून दिलं. म्हणे कडू लागतं. मी तिला किती वेळा ऐकवलं असेल, "डॉक्टरची मुलगी असून तुला रोज दोन फवारे मारता येत नाहीत? लोकांची पोरं मारतात!" ती नुसतं नाक पुसायची. मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी ऑक्टोबर आला की आमच्या घरात कागदी रुमालांचा ढीग. मी बोलणं सोडलं नाही आणि तिने ऐकणं सुरू केलं नाही.

मग सायली आली. नाव फुलाचं आणि पराग सोसवत नाही, अशी मुलगी. दहावीत होती. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, मूळचे मालवणकडचे, आई शिवणकाम करायची. सहामाहीच्या गणिताच्या पेपरला शिंका थांबेनात म्हणून आईने केमिस्टकडून गोळी आणून दिली होती, आणि त्या गोळीने सायली पेपरवर डोकं टेकून चक्क झोपली. अर्धा पेपर कोरा. वर्गात पहिल्या पाचात येणारी मुलगी. "डॉक्टर, मार्चमध्ये असं झालं तर वर्षाची वाट लागली हो," आई म्हणाली. मी ती गोळी बंद केली, झोप न आणणारी दुसरी दिली, डोळ्यांचे थेंब दिले आणि रोजचा फवारा. सिस्टरनी शिकवलं. सायलीने पहिल्या झटक्यात बरोबर करून दाखवलं आणि सिस्टर खूश झाल्या.

सहा आठवड्यांनी ती परत आली तेव्हा काही फरक नव्हता. नाक तसंच बंद, डोळ्यांखाली काळं. मी तपासून बाहेर पाठवली. बाहेर सिस्टरचा आवाज चढला. "खोटं नको बोलू गं. रोज मारत असतीस तर असं नाक ऱ्हायलं असतं?"

"रोज मारते, सिस्टर! आईला विचारा."

"मंग?"

"घशात कडू येतं सगळं. आणि दोनदा रक्त आलं नाकातून. तरी मारते." आणि सायली रडायला लागली. "सगळे म्हणतात मी नाटकं करते. पप्पा म्हणतात, आता डॉक्टर म्हणतील. परीक्षा मला द्यायचीय ना, मी कशाला नाटकं करू?"

रडणं ऐकून मी दारात आलो. सिस्टर जरा नरमल्या होत्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "करून दाखव."

सायलीने नाक पुसलं. मान मागे टाकली. उजव्या हातात बाटली घेऊन उजव्या नाकपुडीत सरळ धरली, मधल्या पडद्याला टेकवून, दाबली आणि सणकून ओढलं. डाव्या हाताने डावीकडे तसंच. एक बारीकशी चूकही नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं. कानावर वर्षानुवर्षं पडत होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. असं मारलं की औषध नाकात थांबतच नाही, सरळ घशात उतरतं. म्हणून कडू. आणि मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की रक्त येणारच.

"हे असं कुणी शिकवलं तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सायलीने सिस्टरांकडे पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं.

"मी," सिस्टर म्हणाल्या. "चुकतंय काय, डॉक्टर?"

मला सावरून घेता आलं असतं. आत चला, नंतर बोलू, असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं होतं. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्ही करून दाखवा."

मी करून दाखवलं. मान मागे नाही, किंचित पुढे. उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्या हाताने उजवी. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. दाबताना ओढायचं नाही, फुलाचा वास घेतो तसा हलका श्वास. सिस्टर टक लावून बघत होत्या. मग त्या सायलीपुढे गेल्या आणि भरल्या दवाखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चूक माझी हाय. ह्या पोरीची नाय. हिनं मी शिकवलं तसंच केलं. सायली, मला माफ कर, बाय."

मी आजवर बरेच मोठे डॉक्टर पाहिले. चूक झाल्यावर ते काय बोलतात तेही ऐकलं. असं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही, आणि तसं न बोलणाऱ्यांत माझा स्वतःचा नंबर वरचा आहे. कारण त्या शिकवणीवर नजर टाकणं हे माझं काम होतं. मी चिठ्ठी लिहीत राहिलो आणि पुढचं सिस्टर बघतील म्हणत राहिलो.

सिस्टरनी सायलीला नव्याने शिकवलं. पोरीने रडता रडता विचारलं, "फुलाचीच ॲलर्जी आहे ना मला, मग वास कसा घेऊ?" सिस्टर म्हणाल्या, "तुझं भांडण गवताशी हाय, मोगऱ्याशी नाय. घे वास." सगळा बाक हसला. सायलीसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दोन जाड वह्या घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. ज्या ज्या मुलाला त्यांनी फवारा शिकवला त्याचं नाव, घरचा पत्ता, तारीख, सगळं त्यात होतं. "ह्या सगळ्यांना परत शिकवायचं," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांना?" मी म्हणालो. "सिस्टर, अहो, आपण व्हॉट्सॲपवर मेसेज टाकू. बाहेर बोर्ड लावू, चित्रासकट."

"मी मेसेजवर शिकवलं होतं काय? हातानं शिकवलं. हातानंच सुधारनार."

मग मी मनातली खरी गोष्ट बोललो. म्हणालो, घरोघरी जाऊन आम्ही चुकीचं शिकवलं असं सांगितलं तर लोक काय म्हणतील, दवाखान्याचं नाव आहे. त्या शांतपणे वह्या काखोटीला मारत म्हणाल्या, "तुम्ही तुमचं नाव सांभाळा, डॉक्टर. मी पोरांची नाकं सांभाळते."

त्या थंडीपासून दर रविवारी चर्चमधला मास आटोपला की सिस्टर निघत. आधी फोन करत. ज्यांचे नंबर बदलले होते त्यांच्या दारात थेट जात. गोराई, दहिसर, कांदिवली, कुठल्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर, कुठल्या चाळीत. इमारत पाडली असेल तर वॉचमनला विचारून लोक भाड्याने कुठे राहायला गेले ते शोधून काढत. सोबत पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि वही. आधी माफी, मग शिकवणी, मग "करून दाखव", मग नावापुढे बरोबरची खूण. सोमवारी मला वृत्तांत मिळायचा. कुणी चहा पाजला, कुणी तोंडावर दार लावलं. एका आईने चांगलंच फैलावर घेतलं, मुलगा कडू लागतं म्हणाला की ती दोन वर्षं त्याला फटके देत होती. "मंग?" मी विचारलं. "ऐकून घेतलं," सिस्टर म्हणाल्या. "तिचं बरोबरच होतं. मंग तिच्या पोराला शिकवलं."

ज्याची मला धास्ती होती ते घडलं नाही. उलट सोडून गेलेली मुलं परत यायला लागली. औषध तेच, बाटली तीच, आणि नाकं मोकळी. मला श्रेय मिळालं, ते मी थोडं घेतलंही.

सायलीला जानेवारीत आराम पडायला लागला. मार्चमध्ये पहिल्या पेपराच्या दिवशी सकाळीच शेजारच्या प्लॉटवर पाडकाम सुरू झालं आणि तिला शिंका लागल्या. घाबरून आईने ती जुनी गोळी शोधून काढली. सायलीने ती हातात घेतली आणि सिस्टरना फोन लावला. त्या वेळी सिस्टर माझ्या केबिनमध्येच होत्या, मी पलीकडचं बोलणं ऐकलं नाही, यांचं ऐकलं. "फेक ती. नाक मिठाच्या पाण्यानं धू. डोळ्यात थेंब टाक. मास्क लाव नि निघ. आज सकाळी मारलास ना फवारा? रोज मारलास ना? मंग जा, बाय. तुझं नाक तुला दगा देनार नाय." दुपारी परत फोन आला. सिस्टरनी तो ऐकला, ठेवला, आणि छातीवर क्रूस काढला. "पुरवणी घेतली म्हणते," त्या म्हणाल्या. "दोन पुरवण्या." त्यानंतर सबंध संध्याकाळ ही बाई प्रत्येक पेशंटला त्या दोन पुरवण्यांबद्दल सांगत होती.

मे महिन्याच्या शेवटी सिस्टर निवृत्त होणार होत्या. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात लुसी सिस्टर. रविवार असून गणवेश. काखेत वही, हातात पिशवी. मला वाटलं निरोपाचं काही बोलायला आल्या. मी या या म्हणालो.

"इरा हाय काय घरी?" त्यांनी विचारलं.

इरा आतून आली, झोपेतून उठलेली, हातात कागदी रुमाल. "लुसी आंटी! तू?"

सिस्टरनी वही उघडून माझ्यापुढे धरली. पानोपानी बरोबरच्या खुणा. एकाच नावापुढे काही नव्हतं. माझ्या मुलीचं नाव, शेजारी माझाच पत्ता, सिस्टरच्या गोल अक्षरात.

"पहिल्या वहीतलं हे पहिलं नाव होतं," सिस्टर म्हणाल्या. "मुद्दाम शेवटी ठेवलं. म्हटलं, बाप डॉक्टर हाय, तो शिकवंल. सहा महिने वाट बघितली."

खरं सांगायचं तर त्या सहा महिन्यांत मला एकदाही इरा आठवली नव्हती. सायलीचं कडू ऐकून माझा जीव हलला होता. इराचं कडू मी बारा वर्षं नाटक समजत होतो.

सिस्टरनी इराला सोफ्यावर बसवलं, स्वतः वेताचा मोडा ओढून समोर बसल्या. "बाय, मी तुला चुकीचं शिकवलं होतं. औषध कडू लागायचं ते माझ्यामुळं. तुझं खरं होतं. माफ कर मला." इराने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनीही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतलं वाक्य मला इतकी वर्षं रोज ऐकू येत होतं. समजलं असं बोलू नको.

मी इराच्या शेजारी बसलो. म्हणालो, "तू खरं सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चुकलो मी." इरा म्हणाली, "बाबा, तू पण ना." आणि नाक पुसलं. ते ॲलर्जीने पुसलं की कशाने, मी विचारलं नाही.

मग शिकवणी झाली. डावी नाकपुडी, उजवा हात. कानाच्या दिशेने. हलका श्वास. "करून दाखव," सिस्टर म्हणाल्या, आणि वीस वर्षांच्या इराने आठ वर्षांच्या मुलीसारखं नीट करून दाखवलं. सिस्टरनी वहीत खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि चहा नको म्हणून उठल्या. "शिजवायचं हाय," म्हणाल्या.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली फाटकाशी त्या थांबल्या. वॉचमनची छोटी मुलगी उकिडवी बसून तळहाताने नाक खालून वर पुसत होती. सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली, कडक गणवेशाची पर्वा न करता तिच्यासमोर बसल्या आणि वहीचं नवं पान उघडलं.